तीनशे सहासष्टावी ओळ

यादी एक आकडी राहिली, तर बोरगावेसाहेबांची ट्रस्टींपुढे मान वर राहणार होती. युनियनवाल्यांना ‘आम्ही माणसं कायम करून घेतली’ असा फलक गेटवर लावता येणार होता. आणि मला खुर्ची मिळणार होती. बसायला मी सहा वर्षं बसतच होतो म्हणा, दर अकरा महिन्यांनी कागदोपत्री एक दिवस उठून. ही खुर्ची आस्थापना विभागातल्या कायम लिपिकाची होती, तिच्यावरून उठायला साठाव्या वर्षापर्यंत कोणी सांगत नाही. तिघांत सगळ्यात कमी मागणारा मीच, असं मला तेव्हा वाटत होतं.

“गठ्ठे नकोत मला,” बोरगावेसाहेब म्हणाले आणि मस्टरची थप्पी त्यांनी कोपरानं माझ्याकडे सरकवली. “गेल्या वर्षी हेडक्लार्कनी बोटं मोजून यादी केली, आणि त्यांच्या साडूचा मुलगा तिसऱ्या नंबरवर निघाला. महिनाभर घोषणा ऐकल्या मी. यंदा मशीननं काढा, उपाध्ये. मशीनला साडू नसतो.”

दोन हजार पाचचा एप्रिल, पहिला सोमवार. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल, बोरगावेसाहेब तिथले प्रशासक. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. वाक्य अर्धं सोडायचा आणि उरलेलं तुम्हाला घरी नेऊन पुरं करायला लावायचा.

युनियनशी झालेला करार साधा होता. एक एप्रिल ते एकतीस मार्च या वर्षात ज्या टेंपररी माणसानं एकही खाडा न करता सलग दोनशे चाळीस दिवस भरले, आणि ज्याचं वय पन्नाशीच्या आत आहे, त्याला कायम करायचं. आठवडी सुट्टी हजेरीतच धरायची. टेंपररी माणसं त्रेचाळीस. त्यांच्या हजेऱ्या वर्षभर मीच रोज सकाळी वॉर्डांच्या कागदांवरून कॉम्प्युटरमध्ये चढवत होतो. प्रत्येक हजेरीला एक ओळ, ओळीत तारीख.

साहेबांनी विचारलं, हे मशीन मोजणार कसं? मी त्यांना स्क्रीनपाशी बोलावलं. त्या दिवसांत असा श्रोता मिळाला की मी कीर्तनकाराइतका खुलायचो.

“वरच्या तारखेत एक मिळवायचा, सर. खालची तारीख तेवढीच आली, तर माणूस काल होता आणि आजही आहे. आकडा एकानं वाढतो. नाही आली, तर खाडा. मग पुन्हा एकपासून सुरुवात. शेवटी प्रत्येकाचा सगळ्यात मोठा आकडा उचलायचा.”

साहेब म्हणाले, “म्हणजे आमच्या सासूबाईंसारखंच. एक दिवस चुकला की मागचं सगळं पुसलं.”

आम्ही दोघंही हसलो. जाता जाता ते दारात थांबले आणि म्हणाले, “ट्रस्टींना मी सांगून बसलोय, दहाच्या आत. आणि तुमचंही बघायचं आहेच.” उरलेलं वाक्य मी घरी नेलं.

हौसामावशी त्याच आठवड्यात मला जिन्याखाली भेटली. हौसाबाई वायदंडे, प्रसूती वॉर्डातली आया. अंगानं काटकुळी, पण बाळंतिणीला एका हातानं कुशीवर वळवायची. टेंपररीचा तो शेवाळी एप्रन तिनं चौदा वर्षं धुतला होता. कायमवाल्या आयांना निळ्या काठाची पांढरी साडी मिळे, आणि नंबर लागला की मागच्या चाळीत दोन खोल्या. साडीचं मावशीला काही नव्हतं. खोल्यांचं होतं. तिची गल्ली नदीला इतकी लागून होती, की श्रावणात नदी आधी तिच्या घरी यायची आणि मग गावात. दरसाल ट्रंक डोक्यावर, पांगळा दीर पाठीवर, आणि वरच्या अंगाच्या शाळेत मुक्काम.

वय मात्र तिच्या मुळावर आलं होतं. लहानपणी चार दिवस शाळेत गेली, तेव्हा मास्तरांनी सगळ्या पोरांना दिली तीच जन्मतारीख हिलाही दिली होती, एक जून. त्या हिशेबानं येत्या एक जूनला तिला पन्नास पुरी होत होती. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही.

“दादा, बसतंय न्हवं माझं?” तिनं विचारलं.

“मावशी, तुमचं नाही बसलं तर कोणाचं बसणार?”

हे मी यादी काढायच्या आधी म्हणालो होतो. असले चेक फाडायला मला तेव्हा फार आवडायचं.

वीस एप्रिलला यादी लागली. नऊ नावं. मी मोठ्या आकड्यापासून लहानाकडे लावून घेतलं, दोनशे चाळीसपाशी रेघ मारली, वरची नावं मोजली, छापली. रेघेखाली कोण राहिलं ते पाहिलं नाही. नऊ हा आकडा इतका देखणा होता की त्याच्याखाली बघायची गरजच वाटली नाही. हरकतींना पाच दिवस होते. युनियनचे लोक आले, दोनदा वाचून गेले. कोणी काही विचारलं की शिपाईसुद्धा सांगायचा, “कॉम्प्युटरनं काढलंय.” हेडक्लार्कशी भांडता येत होतं. कॉम्प्युटरशी भांडायला तोंड कुठं असतं ते कोणाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला, ड्यूटीवर चढायच्या आधी, मावशी माझ्या टेबलापाशी आली. तक्रार करायला आलेला माणूस कसा उभा राहतो ते मला ठाऊक होतं. ती तशी उभी नव्हती. हरवलेली वस्तू विचारायला यावं, तशी.

“माझं कुटं तुटलं तेवढं सांगा, दादा. मी कवा न्हवते?”

मी म्हणालो, बघून ठेवतो, दोनला ड्यूटी संपली की या. ती गेली आणि मी तिचं पान उघडलं. एकशे ब्याण्णव. तुटल्यावर पुन्हा एक, दोन, तीन करत एकतीस मार्चला एकशे चौऱ्याहत्तर. मनातल्या मनात बेरीज केली आणि माझं बोट माउसवरच राहिलं. तीनशे सहासष्ट. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि हिच्या ओळी तीनशे सहासष्ट. खाडा केलेल्या माणसाच्या ओळी वर्षाहून जास्त कशा भरतील?

सरकत सरकत तुटलेल्या जागी गेलो. नऊ ऑक्टोबर. त्याच्या खाली पुन्हा नऊ ऑक्टोबर.

ती तारीख कोणाला विचारावी लागली नाही. माझी मुलगी त्या दिवशी झाली.

पितृपंधरवडा चालू होता. अस्मिताची, म्हणजे माझ्या बायकोची आई बेळगावला, घरचा म्हाळ सोडून यायला तयार नव्हती. माझी आई आधीच गेलेली. दिवस भरायला दोन आठवडे असताना सकाळीच कळा सुरू झाल्या. मावशी आठपासून अस्मिताजवळ होती. दोनला तिची ड्यूटी संपली, तिनं एप्रनची नाडी सोडली, आणि अस्मितानं तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. तिनं नाडी पुन्हा बांधली, आणि संध्याकाळी सात वाजता तिनंच पोर आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, “पितरांच्या दिसात आलीया. आजीच असंल.”

आमच्याकडे एक रीत होती. टेंपररी माणसाची डबल ड्यूटी कागदावर यायची नाही. थांबला तर थांबला, वॉर्डची सिस्टर पुढंमागं कधी दोन तास लवकर सोडून फेड करायची. डबलचं पान फक्त कायमवाल्यांचं. दुसऱ्या दिवशी मी मावशीला म्हटलं, तुमची डबल मी मांडतो.

“नगा, दादा. मी लेकीसाठी ऱ्हायले. हास्पिटलसाठी न्हाई.”

तरी मी मांडली. तिला न सांगता, नऊ ऑक्टोबरच्या खाली अजून एक नऊ ऑक्टोबर. माझ्या खिशातून काही जात नव्हतं, आणि उपकार फेडल्याचं समाधान मिळत होतं. इतकी स्वस्त फेड मी जन्मात केली नव्हती.

आणि सहा महिन्यांनी माझ्याच फॉर्म्युल्यानं त्या ओळीला विचारलं, वरच्या तारखेत एक मिळवला तर तू येतेस का? ती ओळ कुठून येणार, ती तर वरचीच तारीख होती. मशीननं म्हटलं, खाडा. पुन्हा एकपासून. वर्षभरात ज्या एका दिवशी मावशी दोनदा हजर होती, त्याच दिवशी तिला गैरहजर धरलं गेलं. बाकी बेचाळीस जणांना या चुकीचा धक्काही लागला नाही. टेंपररी माणसाची डबल मांडायचा मोठेपणा वर्षभरात एकदाच झाला होता, आणि तो माझा होता.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. तारीख वरच्यासारखीच असेल तर आकडा आहे तिथंच ठेव, एवढी एक अट वाढवायची. मी वाढवली. मावशीच्या नावापुढचं एकशे ब्याण्णव हललं आणि तिथं तीनशे पासष्ट उभं राहिलं. यादीतल्या पहिल्या नंबरचे होते तीनशे एकवीस. म्हणजे यादी आता दहाची.

पान तसंच उघडं ठेवून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. जाताना मी सांगणार होतो. हे मी आजही शपथेवर सांगू शकतो, पण शपथ कोण मागतंय?

साहेब चष्मा पुसत होते. मी म्हटलं, सर, समजा एखाद्याची एखादी ओळ चुकून दोनदा पडली असेल, तर सलग मोजताना जरा घोटाळा होऊ शकतो.

“कोणाची पडलीय?”

“नाही, असं होऊ शकतं म्हणून.”

“दोनदा कशी पडेल? टेंपररीचं डबल आपण मांडत नाही.” त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “कोणी मांडलं असेल तर ते वेगळं प्रकरण होईल. मग सगळीच यादी मागे घ्यावी लागेल. युनियन म्हणणार, मशीनलाही साडू निघाला.”

त्यांनी खण उघडला आणि एक टाईप केलेला कागद टेबलावर ठेवला, शब्द माझ्याकडे करून. माझं नाव, हुद्दा, एक मे. खाली सहीची जागा मोकळी.

“यादी आणि हे, एकाच बैठकीत सही होईल,” ते म्हणाले. “यादी गेली पुढं, तर हेही…” आणि वाक्य सोडून दिलं.

हे वाक्य मी घरी नेलं नाही. तिथंच, उभ्या उभ्या पुरं केलं.

“काही नाही, सर. असंच विचारलं.”

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, पुरतं कळलं होतं. कोणाचं नाव आहे तेवढं त्यांनी माहीत करून घेतलं नाही. चांगला प्रशासक गरजेपेक्षा जास्त माहिती ठेवत नाही.

टेबलाशी परत आलो. तीनशे पासष्ट तसंच उभं होतं. फाईल बंद केली. बदल ठेवायचे का, म्हणून खिडकी आली. मी ‘नाही’ दाबलं.

दोनला मावशी आली. एप्रन काढून घडी करून हातात धरला होता. मी स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवली. तिला वाचता येत नव्हतं, तरी.

“ऑक्टोबरात एक खाडा दिसतोय, मावशी.”

“कंच्या तारखेला?”

तारीख सांगून चालणार नव्हतं. जगात ती तारीख माझ्याइतकीच पाठ असलेलं दुसरं माणूस माझ्यासमोर उभं होतं. मी म्हणालो, “नेमकी तारीख निघत नाही. पितृपंधरवड्यातली आहे.”

ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मी वाट बघत होतो, की आता म्हणेल मी तर रोज आलते, आता भांडेल, आता वॉर्डच्या सिस्टरला घेऊन येईल. भांडली असती तर कदाचित मी सांगितलं असतं. निदान मी गेली वीस वर्षं तसं धरून चाललोय.

“मग मामंजींच्या म्हाळादिवशी लागला असंल,” ती हळू म्हणाली. “सैपाक करून निघाले, तर अर्धा तास उशीर झालता. सिस्टर म्हणाल्या हुत्या, असू दे, मांडते. ऱ्हायलं असंल मांडायचं.”

मला पक्कं माहीत होतं, त्या दिवशी तिची ओळ होती. सगळ्याच दिवशी होती.

“असेल,” मी म्हणालो.

“माझीच चूक हाय मग. मेलेल्याला काय, घास उशिरा मिळाला तर चाललं असतं.” एवढं बोलून ती वळली, आणि दारातून पुन्हा मागे आली. “तुमचं झालं म्हणं, दादा? कायमचं?”

“होतंय, एक तारखेला.”

“बरं झालं. लेकीच्या पायगुणानं झालं.”

एक मेला झेंडावंदनानंतर नऊ जणांना कागद मिळाले आणि दहावा मला. एक जूनला मावशी सरकारी हिशेबानं पन्नास वर्षांची झाली आणि बाकीच्या टेंपररी माणसांबरोबर ठेकेदाराकडे गेली. वॉर्ड तोच, बाळंतिणी त्याच, एप्रन तेवढा करडा झाला. जूनच्या अखेरीस चाळीतल्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. कायम झालेल्यांपैकी ज्याला लहान मूल, त्याला आधी, असा नियम निघाला. खोल्या मला मिळाल्या. मी मागितल्या नव्हत्या, असं म्हणायची सोय आहे, कारण अर्जावर सही अस्मिताची होती.

त्याच जुलैच्या शेवटी कृष्णेला पूर आला, गावातल्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिला नव्हता असा. शाळेचं अंगणसुद्धा पाण्यात गेलं. मावशी आमच्या दारात उभी राहिली, डोक्यावर ट्रंक, मागं कोणाच्या तरी खांद्यावर दीर. म्हणाली, ट्रंक तेवढी चार दिवस ठेवून घ्या. अस्मितानं तिला उंबऱ्यावरून आत ओढलं.

मागची खोली तिला दिली. रोज सकाळी ती ड्यूटीला जायच्या आधी माझ्या मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. तिसऱ्या दिवशी मी चहा प्यायला बसलो होतो. ती फरशीवरून तळहात फिरवत होती, उगाच, इकडून तिकडे.

“काय बघताय, मावशी?”

“कोरडी हाय,” ती म्हणाली. “बगा की, बाहेर एवढं पाणी आन हितं ओलसुदिक न्हाई.”

त्या खोल्यांत ती सलग अकरा दिवस राहिली. मी मोजले. बाराव्या दिवशी पाणी उतरलं आणि ती चिखल काढायला गेली. घराची नदीकडची भिंत बसली होती.

त्यानंतर नऊ वर्षं ती ठेकेदाराच्या एप्रनात राबली. गुडघे गेले तेव्हा थांबली. कायम माणसाला निरोप देतात तसा नारळ, शाल, समारंभ, तिच्या वाट्याला यायचा प्रश्नच नव्हता. ती एकटीच माझ्या टेबलापाशी येऊन गेली. माझं टेबल तोवर मोठं झालं होतं. मी म्हटलं, मावशी, बसा. त्या दिवशी मी ठरवलं होतं. बोरगावेसाहेब निवृत्त होऊन गावी गेले होते, माझी खुर्ची आता कोणी काढून घेणार नव्हतं. सांगायला काहीही लागत नव्हतं. मी तोंड उघडलंही.

तीच आधी बोलली. “एक मनाला लागून ऱ्हायलंय बगा, दादा. त्या म्हाळाला जरा लौकर उठले असते, तर आज खोलीत असते.”

इतकी वर्षं ती तो अर्धा तास उगाळत होती. माझ्यापाशी त्याचं उत्तर होतं, दोन ओळींचं. ते दिलं असतं, तर तिचा तो अर्धा तास सुटला असता, आणि मग तिनं मला विचारलं असतं, मग नऊ वर्षं का न्हाई सांगितलं?

“जाऊ द्या, मावशी,” मी म्हणालो. “झालं गेलं.”

ती आता मिरजेला भाचीकडे असते. दीर गेला. एकोणीसच्या पुरात घराचं उरलंसुरलंही गेलं. दर नऊ ऑक्टोबरला तिचा फोन येतो, माझ्या मुलीसाठी. गेल्या खेपेला मुलगी वीस वर्षांची झाली. फोन ठेवून ती मला म्हणाली, बाबा, मावशीआजीला माझा वाढदिवस तुमच्याही आधी आठवतो, असं का?

मी म्हटलं, ती होती त्या दिवशी.

“तुम्ही पण होता की.”

होतो. यादी नऊची राहिली, साहेबांची मान राहिली, युनियनचा फलक लागला, मला खुर्ची मिळाली, खोल्या मिळाल्या, मुलगी कोरड्या फरशीवर चालायला शिकली. एका जादा ओळीवर इतक्या जणांचं भागलं. ओळ मी लिहिली होती. तिची किंमत भरली हौसामावशीनं, आणि तिला अजून वाटतं, चुकलं तिचंच.